लिंबाजीकाकांची ट्रायलगाडी

लिंबाजीकाका मोटारसायकलवरून न उतरता वांगी घेत. उतरणं तर लांबच, ते पायसुद्धा जमिनीला लावत नसत. जिंतूरच्या बाजारात शेवंताबाईच्या गोणपाटासमोर त्यांची गाडी येऊन थांबायची. म्हणजे थांबायची नाही, थांबल्यासारखं करायची. काका दोन्ही पायदानांवर ताठ उभे, हँडल जरा डावीकडे, जरा उजवीकडे, खाली इंजिन म्हाताऱ्या माणसासारखं एकेक धाप टाकतंय, आणि काका वरूनच विचारतायत, "कवळी हायेत का?"

पहिल्या वेळी शेवंताबाई टोपली उचलून मागच्या भिंतीला जाऊन चिकटली होती. पुढे तिला सवय झाली. ती चार वांगी उचलायची आणि हँडलला अडकवलेल्या पिशवीत टाकायची. भोवती माणसं जमायची. कुणी म्हणायचं, अहो खिल्लारे, उतरा की खाली. त्यावर काकांचं उत्तर ठरलेलं असे.

"पाय टेकायचा न्हाई."

मी परभणीची. नोकरी लागली ती जिंतूरच्या मुलींच्या शाळेत. राहायला दोन खोल्या मिळाल्या, त्या लिंबाजी खिल्लाऱ्यांच्या शेजारी. मधली भिंत एक, अंगण एक, नळ एक. पलीकडे दोघंच नवरा-बायको, काका आणि गयाकाकू. काका बस स्टँडवर कंट्रोलर होते. कुठली गाडी कधी सुटणार, कुठली येणारच नाही, हे प्रवाशांना सांगायचं काम. खाकी कपडे कडक इस्त्रीचे, केसांना तेल, आणि चाल अशी की त्यांच्या मागून रस्त्याने निघालेली म्हैस कंटाळून पुढे निघून जाई. बस सुटत असली आणि कुणी पळत आलं, तर काका त्याला खिडकीतून हात करून म्हणत, "पळू नका. लौकर काय, कुनीबी जातंय." तोवर बस गेलेली असे. असे गाडी चुकलेले लोक काकांना फार बरं बोलत नसत.

मी राहायला गेले तेव्हा ती मोटारसायकल अंगणात नव्हती. घरात होती. तीसुद्धा एकत्र नव्हती. पुढच्या खोलीत सांगाडा, मधल्या खोलीत इंजिन, आणि उरलेली सगळी गाडी स्वयंपाकघरात. पहिल्या दिवशी काकूंनी मला चहाला बोलावलं आणि साखरेचा डबा म्हणून जो डबा उघडला, त्यात बोल्टं निघाली. काकूंनी झाकण लावलं, दुसरा डबा उघडला. त्यात लहान बोल्टं निघाली. तिसऱ्यात साखर होती.

"लग्नात मला एवढी भांडी आली न्हवती," काकू म्हणाल्या, "जेवढी ह्या गाडीनं अडवून ठिवलीत."

काका तरुणपणी सिकंदराबादला छावणीजवळच्या एका गॅरेजात गाड्या धुवायला होते. निजामाचं राज्य चालू होतं तेव्हाची गोष्ट. तिथे टेकड्यांतल्या मोठमोठ्या धोंड्यांमधून साहेब लोक मोटारसायकली चालवायचे. शर्यत असायची, पण वेगाची नव्हे. धोंड्यावर चढायचं, चिखलातून जायचं, ओढ्यातून वर यायचं, हवं तितकं हळू, पण पाय जमिनीला लावायचा नाही. एक माणूस झेंडी घेऊन नुसता पायांकडे बघत उभा. पाय टेकला की मार्क गेले. ह्या खेळाला ट्रायल म्हणतात आणि त्याची गाडी वेगळी असते, हे काकांनी मला पहिल्याच आठवड्यात समजावून सांगितलं. तिचा धुराचा नळा वर असतो, पाण्यात बुडू नये म्हणून. हँडल रुंद असतं. आणि पहिला गिअर इतका हळू की माणूस शेजारून गप्पा मारत चालू शकतो.

त्यातली एक गाडी कशी कोण जाणे चारठाण्याच्या एका देशमुखांच्या कडब्याच्या कोठ्यात येऊन पडली होती. कुणी हैदराबादी अधिकारी पोलीस ॲक्शनच्या धामधुमीत सोडून गेला, असं म्हणत. काकांना ती दिसली तेव्हा तिच्या टाकीवर एक कोंबडी अंड्यांवर बसलेली होती. काकांनी गाडी मागितली. देशमुखांना कडब्याला जागा हवीच होती. ते म्हणाले, घेऊन जा, आणि सोबत ती कोंबडीही न्या, ती आता दुसरीकडे बसायची नाही. काका दोन्ही घेऊन आले.

गाडी ट्रायलची आहे, हे गल्लीत कळायला उशीर लागला नाही. पण आमच्या गल्लीत समोर वकिलाचे कारकून राहत. त्यांना ट्रायल म्हटलं की एकच ट्रायल माहीत. त्यांनी दोन दिवसांत बातमी पसरवली की खिल्लाऱ्यांकडे खुनाच्या खटल्यातली मोटारसायकल आहे आणि अजून निकाल लागायचा आहे. लोक सांजच्याला मुद्दाम फाटकापाशी उभे राहून गाडीवर रक्ताचे डाग दिसतात का बघत. लाल रंग होताच, टाकीला. काकांनी कुणालाही खुलासा केला नाही. ते म्हणाले, "बघू द्या. गंज बघून जातील."

दुरुस्तीला त्यांनी घाई म्हणून केली नाही. पिस्टन इंजिनात घट्ट बसला होता. काकांनी वरून करडीचं तेल ओतलं आणि ठेवून दिलं. रोज ड्युटीवरून आले की लाकडी दांड्याने हळूच एक ठोका, परत तेल. काकू म्हणायच्या, भजी करायला तेल न्हाई आन् हिकडं लोखंडाला पाजायलेत. एका सकाळी तो पिस्टन केसभर सरकला, तेव्हा काकांनी भिंतीवर थाप मारून मला बोलावलं. मी पाहिलं. मला काही फरक दिसला नाही. पण त्यांचा चेहरा पाहून मी म्हणाले, हो, बराच सरकलाय.

क्लचच्या थाळ्यांत बुचाच्या लाकडाच्या चकत्या असतात, त्या उंदरांनी खाल्ल्या होत्या. काकांनी सरकारी दवाखान्यातल्या कंपाउंडरशी दोस्ती केली आणि औषधांच्या बाटल्यांची बुचं जमवायला सुरुवात केली. मग बसून ती एकसारखी कापायची, घासायची. क्लच तयार झाला तेव्हा गाडीला आठवडाभर खोकल्याच्या औषधाचा वास येत होता. दातेरी चाक परभणीला स्टेशनजवळच्या मुख्तारभाईंच्या लेथवर घडवून आणलं. मुख्तारभाई म्हणाले होते, "मियाँ, इतना बड़ा चक्का लगाओगे तो गाड़ी चलेगी नहीं, रेंगेगी." काका म्हणाले, रेंगायलाच तर पाहिजे.

मागचं चाक रंगवून झाल्यावर वाळायला म्हणून त्यांनी पुढच्या खोलीत खिळ्याला टांगलं. वर बुद्धाची तसबीर होती. काकूंचे एक वयस्क नातेवाईक नांदेडहून आले, त्यांची नजर अधू. आत येताच त्यांनी तसबिरीला वंदन केलं आणि मग तितक्याच श्रद्धेने चाकालाही केलं. काकूंनी तोंडाला पदर लावला. काका मात्र गंभीर होते. पाहुणे गेल्यावर म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. चाक फिरायलंय, एवढं तेन्ला कळलं, बास हाय."

अखेर एका उन्हाळ्यात गाडी जोडून अंगणात उभी राहिली. त्या दिवशी मी कुरडया वाळत घातल्या होत्या. काकांनी किक मारली. पहिल्यांदा काहीच नाही. दुसऱ्यांदा गाडीने किक परत मारली आणि काका माझ्या कुरडयांत बसले. उठले, धोतराच्या फडक्याने हात पुसले, पुन्हा मारली. मग एकदम असा आवाज झाला की समोरच्या कारकुनांची म्हैस दावं तोडून थेट कोर्टाच्या दिशेने गेली. निळ्या धुरात काका उभे होते आणि पुन्हा पुन्हा एकच सांगत होते, ऐका, ऐका. सगळी गल्ली ऐकतच होती. ऐकण्यावाचून दुसरं काही करता येत नव्हतं.

पुढे काकांचा सराव सुरू झाला. गावामागे ओढा आहे, पाणी कमी आणि धोंडे जास्त. सुटीच्या दिवशी काका तिथे जाऊन धोंड्यांवरून गाडी चढवायचे आणि उतरवायचे. पोरं टाळ्या पिटायची, बसचे ड्रायव्हर पुलावरून ओरडायचे, लिंबाजी, चालत जा, लवकर पोचशील. तेही एक वेळ ठीक होतं. पण मग त्यांनी गाडीला मागे दुसरी सीट बसवली. आणि सीट म्हणजे केवढी. पाटाएवढी रुंद, खाली भंगारातल्या ट्रकच्या सीटच्या स्प्रिंगा, वर काकूंच्या दोन जुन्या गोधड्या दुमडून शिवलेल्या, पाठीला टेकायला लोखंडी कमान, तिलाही गोधडी. त्या सीटवर ते पाण्याने काठोकाठ भरलेली घागर बांधायचे आणि ओढा पार करायचे. पलीकडे गेल्यावर उतरून घागरीत डोकावायचे. सांडलं असलं की मान हलवून परत अलीकडे. मी एकदा विचारलं, घागर कशाला? ते म्हणाले, घागर खोटं बोलत नसती.

ह्याच सुमाराला औरंगाबादचे एक इंजिनिअर साहेब कुणाकडून तरी ऐकून गाडी पाहायला आले. जुन्या गाड्यांचा त्यांना नाद होता. ते गाडीभोवती फिरले, गुडघ्यावर बसले, इंजिनाला हात लावून पाहिला. देशात अशा किती उरल्या असतील सांगता येत नाही, म्हणाले. काका संकोचून उभे. मग साहेबांची नजर मागच्या सीटवर गेली आणि त्यांचा चेहरा असा झाला, जणू चारठाण्याच्या जुन्या कोरीव देवळावर कुणी पत्र्याचं शेड टाकलंय. ट्रायलच्या गाडीला मागे सीट नसतेच, त्यांनी सांगितलं. ही काढून टाका, हिचं सगळं रूप गेलं. आणि पुढे म्हणाले की मला गाडी द्या, मी माझी स्कूटर तुम्हाला देतो. अगदी नवी आहे, वहिनींनाही बाजारात नेता येईल.

मी तिथेच होते. मला वाटलं, काका हो म्हणणार. ड्युटीला जायला स्कूटर, शिवाय घर मोकळं, डबे मोकळे. काकू आत चहा गाळत होत्या, त्यांचाही हात थांबलेला दिसत होता.

काका म्हणाले, "सायेब, गाडी देता यायची न्हाई. आन् शीटबी काढता यायची न्हाई. तिच्यावर बसनारं मानूस ठरल्यालं हाय."

कोण, ते साहेबांनी विचारलं नाही आणि काकांनी सांगितलं नाही. आत काकूंनी गाळणी खाली ठेवली, पण कप भरायला त्यांना बराच वेळ लागला. चहा आला तेव्हा तो पार निवला होता.

त्यानंतर काकू गाडीला काही बोलेनाशा झाल्या. दोन-तीन दिवस मी वाट पाहिली, मग दुपारी ज्वारी निवडायला त्यांच्याजवळ जाऊन बसले. काकूंचं कमरेचं दुखणं मला माहीत होतं. त्या एक हात कमरेवर ठेवूनच चालत, वाकत नसत, बसमध्ये कधी बसत नसत. पण ते कशाने झालं हे मी विचारलं नव्हतं. त्या दिवशी त्यांनी आपणहून सांगितलं.

त्यांचं माहेर मोहवाडी. चारठाण्याच्याही पलीकडे, डोंगरात. फाट्यापासून आत रस्ता म्हणजे नाल्यातली गोटाड, नुसत्या धोंड्यांची वाट. एकदा दोघं तिकडून बैलगाडीने परत येत होते. काकांना ड्युटी गाठायची होती. काकू म्हणत होत्या, हळू हाका. काका बैलांना चाबूक दाखवत होते. नाल्यात चाक धोंड्यावर चढलं आणि गाडी पलटी झाली. काकू खडकावर पडल्या. पुष्कळ दिवस परभणीच्या दवाखान्यात होत्या. डॉक्टरांनी सांगितलं, आता बैलगाडी नको, हादरा बसला तर कायमचं अंथरूण धराल. तेव्हापासून मोहवाडी तुटली. आई तिकडे, डोळ्यांनी गेलेली, तिलाही येता येईना. भावाने एकदा विचारलं होतं, बाजेवर घालून चौघं खांद्यावर नेतो.

"मी म्हनलं नगं," काकू म्हणाल्या. "जित्तेपनी काहून चौघांच्या खांद्यावर जायचं?"

त्यांनी सुपातला एक खडा उचलून बाजूला टाकला. "तवापासून हे मानूस पळालं न्हाई बगा. कुटंच."

दिवाळी झाल्यावर एका रविवारी सकाळी काकांनी गाडी पुसली, चाकांतली हवा थोडी काढून टाकली, म्हणजे ती दगडावर मऊ बसतात, आणि काकूंना म्हणाले, चला, मोहवाडीला जाऊन येऊ. जसं काही नेहमीचं जाणं-येणं होतं. काकूंचं लुगडं आधीच नेसून झालेलं होतं.

मला सोबत चला म्हणाल्या. मी बसने पुढे गेले आणि फाट्यावर उतरून वाट पाहत राहिले. डांबरी रस्ता असूनही ती दोघं यायला इतका वेळ लागला की तिथल्या हॉटेलवाल्याने मला दोनदा चहा पाजला. मग दुरून धपधप ऐकू आलं. काका उभे, मागे काकू कमानीला टेकून बसलेल्या, डोक्यावर पदर, मांडीवर डबा. पुढची वाट ती दोघं गाडीवर आणि मी पायी, अशी बरोबरीने चाललो. खरं सांगायचं तर मीच पुढे होते. मधेच थांबून मला त्यांच्यासाठी खोळंबावं लागत होतं. शेतातली माणसं बांधावर येऊन बघत होती. मोटारसायकलच्या पुढे एक बाई चालत डबा घेऊन जातेय, कारण मांडीवरचा डबा काकूंना जड व्हायला लागल्यावर तोही माझ्याकडे आला होता.

तोच नाला आला. काकांनी गाडी काठावर थांबवली आणि इंजिन बंद केलं. मानेवरून घाम ओघळत होता. ते मागे न बघता म्हणाले, "तू उतर. एवढं पायी चल, बाईचा हात धर."

काकू म्हणाल्या, "मी न्हाई उतरायची. चला तुमी."

काकांनी बाहीने मान पुसली. मग किक मारली.

मी चपला हातात घेऊन पाण्यातून बाजूने चालले होते. पहिला धोंडा, दुसरा धोंडा, गाडी मांजरासारखी पाऊल टाकत होती. मधोमध एक शेवाळलेला दगड होता. पुढचं चाक त्याच्यावरून घसरलं, गाडी डावीकडे कलली, काकूंनी काकांचा सदरा मुठीत धरला. आणि काकांनी पाय खाली टाकला. एक नाही, दोन्ही. गुडघाभर पाण्यात दोन्ही पाय रोवून ते गाडी पेलून उभे राहिले. काकू सीटवर जशाच्या तशा होत्या.

जरा वेळाने काका म्हणाले, "मार्क गेले."

"जाऊ द्या," काकू म्हणाल्या.

मग काका तसेच, दोन्ही पायांनी चाचपत, पाण्यातून चालत गाडी पलीकडे घेऊन गेले. वर चढल्यावर त्यांनी मागे वळून विचारलं, दुखलं का? काकूंनी मान हलवली, नाही. दोघांनीही त्या जागेकडे पुन्हा पाहिलं नाही.

मोहवाडीत आमच्या आधी आवाज पोचला होता. सगळं गाव दारात. काकूंची आई ओसरीवर भिंतीला धरून उभी होती, वाळक्या शेंगेसारखी म्हातारी. काकू जवळ गेल्या तशी तिने आधी तोंडावरून हात फिरवला, मग खांद्यावरून, मग कमरेवर हात नेऊन ठेवला आणि तिथेच ठेवला. मी डबा घेऊन बाजूला झाले.

काका आत आले नाहीत. ते बाहेर लिंबाखाली गाडीची साखळी तपासत बसले. साखळीला काही झालेलं नव्हतं. मेहुण्याने बोलावलं, तर आलोच म्हणाले. पाणी नेलं, तर तिथेच प्यायले. शेवटी म्हातारीनेच भिंत सोडली. नातसुनेचा हात धरून ती अंगणात आली, गाडीपर्यंत आली, चाचपत काकांचं डोकं शोधून काढलं.

"लिंबाजी," ती म्हणाली, "गाडी न्हाई पळून जायची. भाकर निवायली. आत ये."

काका उठले. हात काळे होते म्हणून आधी धुवायला गेले, आणि फार वेळ धूत राहिले.

काकू त्या दिवशी परत आल्या नाहीत. आईजवळ महिनाभर राहणार म्हणाल्या. काकांनी लगेच कबूल केलं, अगदी सोप्या आवाजात, ऱ्हा की, मी रविवारी येत जाईन. येताना फाट्यापर्यंत मागच्या सीटवर मी बसले. ती सीट फार सुखाची होती.

दुसऱ्या दिवशी सांजच्याला मी शाळेच्या वह्या तपासत होते आणि अंगणात गाडी सुरू झाली. मला वाटलं, काका कुठे निघाले. पण आवाज जाईना. बाहेर येऊन पाहिलं तर गाडी स्टँडवर उभी, इंजिन चालू, आणि शेजारी उलट्या बादलीवर बसून काका भाकरी खातायत. भाकरी त्यांनीच थापली असावी, तिला कडा नव्हती.

मी विचारलं, इंजिनात काही बिघाड आहे का?

"न्हाई वो बाई," काका म्हणाले. "इंजिन ब्येस हाय. घरात लय गुपचाप झालंय."

मी आत गेले, वह्यांचा गठ्ठा उचलला आणि बाहेर बाजेवर येऊन बसले.